पाटीवरचं वाक्य आणि पेटीतला माल

विदर्भातल्या मोर्शीकडे संत्र्याचा सौदा बहुतेक वेळा झाडावरच होतो. आंबिया बहराची फळं रंगावर यायला लागली की व्यापारी बगिच्यात शिरतो. ओळीओळीनं फिरतो, चार-दोन झाडांखाली थांबतो, फांदी वर करून बघतो आणि मनातल्या मनात अंदाज बांधतो. भाव तुटतो, इसार हातात पडतो. पुढे तोडा त्याच्या मजुरांचा, कॅरेट त्याचे, ट्रकही त्याचाच. माल दिल्लीला जातो, बंगळुरूला जातो, कोलकात्याला जातो आणि तिथल्या हातगाडीवर 'नागपूरचं संत्रं' म्हणून खपतो. नागपुरी संत्र्याला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण ते फळ मोर्शीचं, वरुडचं की काटोलचं, कुणाच्या बगिच्यातलं, कधी तोडलेलं, यातलं काहीच खाणाऱ्यापर्यंत पोचत नाही.

2002 साली कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि शेतकऱ्यांना स्वतःची उत्पादक कंपनी काढायची वाट मोकळी झाली. किमान दहा उत्पादक एकत्र आले की अशी कंपनी नोंदवता येते. 2020 मध्ये केंद्र सरकारनं देशभरात दहा हजार शेतकरी उत्पादक संस्था उभ्या करण्याची योजना आणली. संत्रापट्ट्यातही अशा कंपन्या निघाल्या. कंपनी म्हटली की सीए आला, बँकेची फाइल आली, प्रकल्प अहवाल आला आणि अहवालाच्या सुरुवातीलाच कुठेतरी 'आमचे ध्येय' असा मथळा आला. कॉर्पोरेट जगात ज्याला 'मिशन स्टेटमेंट' म्हणतात, ते हेच.

त्या मथळ्याखाली सहसा काय असतं? 'सर्वोत्तम गुणवत्ता, ग्राहकांचे संपूर्ण समाधान आणि नावीन्यपूर्ण तंत्रज्ञान यांच्या बळावर क्षेत्रातील अग्रगण्य संस्था बनणे.' हा मजकूर संत्र्याच्या कंपनीला चालतो, सिमेंटच्या कारखान्याला चालतो आणि ब्युटी पार्लरलाही चालतो. तो कोणी वाचत नाही. लिहिणारासुद्धा.

अशा वाक्यानं एक तरी कॅरेट जास्त विकलं जातं का? विक्रीच्या माणसांना हा प्रश्न विचारला तर बरेच जण हसतील. तरीही काही कंपन्यांच्या बाबतीत एका साध्या वाक्यानं धंदा उभा केला, वाचवला किंवा वाढवला, याची उदाहरणं आहेत आणि त्यातली दोन ठसठशीत उदाहरणं महाराष्ट्रातलीच आहेत. ती पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. वाक्य पाळताना कंपनीच्या खिशाला झळ बसते आणि ती झळ गिऱ्हाइकाला दिसते, तेव्हाच त्या वाक्यातून विक्री होते.

'एकच भाव' आणि इतर पाट्या

ध्येयवाक्याची व्याख्या अवघड नाही. आपण काय करतो, कोणासाठी करतो आणि कोणत्या पद्धतीनं करतो, एवढं त्यात आलं पाहिजे. दहा-वीस वर्षांनी कुठे पोचायचं आहे हे स्वप्न वेगळं. त्याला 'व्हिजन' म्हणतात. जाहिरातीतली टॅगलाइन आणखी वेगळी. ती हंगामानुसार बदलते. कायद्यानं यातलं काहीच सक्तीचं नाही. कंपनी नोंदवताना उद्दिष्टांचं कलम मात्र द्यावं लागतं. पण ते वकिली भाषेत असतं आणि त्यात कंपनीला पुढेमागे जे जे करावंसं वाटेल ते सगळं घालून ठेवलेलं असतं.

मराठी बाजारपेठेला हा प्रकार नवा नाही. फक्त आपल्याकडे तो दुकानाच्या भिंतीवर, तेलरंगात आणि बराच कमी शब्दांत असायचा. 'आज रोख, उद्या उधार'. 'आमची कोठेही शाखा नाही'. 'एकच भाव'. या पाट्यांची चेष्टा पुष्कळ झाली, पण 'एकच भाव' या दोन शब्दांचा हिशेब मांडून बघण्यासारखा आहे. घासाघीस करणारा दुकानदार अनोळखी गिऱ्हाइकाकडून चार पैसे जास्त काढू शकतो. 'एकच भाव' लिहिणारा ते चार पैसे सोडतो. त्याच्या बदल्यात त्याला काय मिळतं? आई दहा वर्षांच्या मुलाला पैसे आणि यादी देऊन त्या दुकानात पाठवते, कारण मुलगा फसणार नाही याची तिला खात्री असते. गल्ल्यावरचा वेळ वाचतो, नोकराला भाव ठरवायचा अधिकार द्यावा लागत नाही आणि गिऱ्हाईक परत येतं. पाटी खोटी निघाली, तर मात्र तीच पाटी दुकानाची बदनामी करते.

म्हणजे पाटीचं काम गिऱ्हाइकाला बोलावण्याइतकंच दुकानदाराला बांधून ठेवण्याचंही असतं. मोठ्या कंपनीत हे बांधून ठेवणं जास्त गरजेचं होतं, कारण तिथं मालक गल्ल्यावर बसलेला नसतो. शेकडो माणसं त्याच्या वतीनं रोज गिऱ्हाइकाला काहीतरी सांगत असतात, कबूल करत असतात, नाकारत असतात.

नांगर आधी की विचार आधी

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ते लोखंडी नांगराकडे वळले. नांगर चांगला होता, पण घ्यायला कोणी तयार नव्हतं. लोखंडाचा फाळ जमिनीत घातला की जमीन विषारी होते, अशी समजूत घट्ट बसलेली होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागल्याचं सांगितलं जातं. 1910 साली औंध संस्थानाच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जागा दिली, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना उभा राहिला आणि त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली.

किर्लोस्करांनी कुठल्या कागदावर 'आमचे ध्येय' असा मथळा टाकला होता की नाही, हा मुद्दा गौण आहे. त्यांच्या सगळ्या धंद्याला एक दिशा होती. शेतकऱ्याची अवजारं बदलली पाहिजेत आणि ती इथंच तयार झाली पाहिजेत, ही ती दिशा. ती पक्की होती म्हणून नांगर विकताना काय करायचं हेही ठरत गेलं. नुसता भाव उतरवून नांगर खपला नसता, कारण अडचण भावाची नव्हती, विश्वासाची होती. शेतकऱ्याच्या मनातली भीती आधी काढावी लागणार होती.

1920 साली किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' निघू लागलं. कारखान्याची, मालाची आणि एजंटांची बातमी देणारं ते छोटं पत्रक शंकरराव किर्लोस्करांच्या हाताखाली वाढत गेलं आणि पुढे 'किर्लोस्कर' मासिक म्हणून मराठी घराघरांत पोचलं. 'स्त्री' आणि 'मनोहर' ही भावंडंही त्यातूनच आली. नांगर विकायला निघालेल्या कंपनीनं महाराष्ट्राला वाचायला लावलं, आणि त्या वाचनातून नांगर, चरक, पंप या सगळ्यांसाठी गिऱ्हाईक तयार झालं. आजच्या भाषेत याला मार्केटिंग म्हणतील. पण त्याच्या मुळाशी विक्रीचं टार्गेट नव्हतं, शेतकऱ्याला शहाणं करायचा आग्रह होता.

जळगावचं वाक्य

दुसरं उदाहरण मोर्शीच्या संत्रा बागायतदाराला जास्त जवळचं आहे, कारण त्याच्या बगिच्यात पसरलेल्या काळ्या नळ्यांशी त्याचा संबंध आहे. भवरलाल जैन यांचा जन्म 1937 साली जामनेर तालुक्यातल्या वाकोद गावचा. सरकारी अधिकाऱ्याची नोकरी समोर असताना त्यांनी ती नाकारली आणि 1963 मध्ये घरची पुंजी, सात हजार रुपये, घेऊन जळगावात रॉकेल विकायला सुरुवात केली. हळूहळू खतं, बियाणं, ट्रॅक्टर, पाइप अशा एजन्सी जोडल्या. शेतीला भवितव्य आहे, हा विचार त्यांनी तेव्हाच धरला होता. 1978 मध्ये त्यांनी केळीच्या भुकटीचा एक बंद पडलेला कारखाना घेतला आणि तिथं पपईच्या चिकापासून पपेन काढायला सुरुवात केली. नंतर पीव्हीसी पाइप आले आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ठिबक सिंचन.

जैन इरिगेशनचं ध्येयवाक्य साधं आहे: आपल्याला मिळालं त्यापेक्षा चांगलं जग मागे ठेवून जा. वरवर पाहता हेही भिंतीवर लावायच्या सुविचारासारखं वाटतं. पण ठिबक विकताना त्याचं काय झालं ते बघण्यासारखं आहे.

ठिबक ही दुकानात उभं राहून विकायची वस्तू नाही. नळ्यांची गुंडाळी शेतकऱ्याच्या अंगावर टाकून मोकळं झालं, तर पहिल्याच वर्षी ड्रिपर बुजतात, झाडं सुकतात आणि गावात बोभाटा होतो. आधी शेताचा सर्व्हे करावा लागतो, पाणी तपासावं लागतं, विहिरीचा किंवा बोअरचा तासाचा उपसा बघून आराखडा काढावा लागतो. फिल्टर बसवावा लागतो, नळ्या अधूनमधून आम्ल सोडून साफ कशा करायच्या हे शिकवावं लागतं, आणि पिकाला कोणत्या अवस्थेत किती पाणी व खत द्यायचं हेही सांगावं लागतं. जैन कंपनीनं नळीबरोबर हे सगळं द्यायचं ठरवलं. कृषी पदवीधर नेमले, जळगावच्या जैन हिल्सवर प्रात्यक्षिकाची शेती उभी केली, शेतकऱ्यांना गाड्या भरून तिथं आणलं. केळीची टिश्यू कल्चर रोपं तयार केली. शेतकऱ्याचं उत्पन्न वाढलं तरच आपली नळी पुढच्या शेतात जाईल, हा हिशेब त्यामागे होता.

संत्र्याच्या बगिच्यात हा फरक डोळ्यांनी दिसतो. आळ्यात पाटानं पाणी सोडलं आणि ते खोडाला लागून राहिलं की डिंक्या रोग बळावतो. खोडाच्या सालीतून डिंक पाझरतो, मुळं कुजतात आणि दहा-पंधरा वर्षं जपलेलं झाड पिवळं पडत जातं. म्हणून खोडापासून अंतर ठेवून दोन्ही बाजूंनी नळी टाकतात. पाणी मुळांच्या टोकांना मिळतं आणि खोड कोरडं राहतं. वरुड आणि मोर्शी हे भूजलाच्या अतिउपशाचे तालुके म्हणून सरकारदरबारी नोंदलेले आहेत. अप्पर वर्धा धरण मोर्शी तालुक्यातच सिंभोऱ्याला असलं, तरी बहुतेक बगिचे विहिरी आणि बोअरवरच जगतात. अशा ठिकाणी नळी विकणाऱ्याला बगिच्यात उतरून ही माहिती देता आली, तर त्याला भाषण द्यावं लागत नाही. आणि शेतकऱ्याचा प्रश्नही साधाच असतो: पाइप फुटला तं कोन येते?

या प्रश्नाचं उत्तर देणं म्हणजे ध्येयवाक्य पाळणं. त्याला खर्च येतो. माणसं ठेवावी लागतात, त्यांना फिरवावं लागतं, चुकीच्या जमिनीवर किंवा अपुऱ्या पाण्यावर संच बसवायला नाही म्हणावं लागतं. जैन इरिगेशन जगातल्या मोठ्या सिंचन कंपन्यांत गणली जाऊ लागली, त्यात या खर्चाचा वाटा मोठा आहे.

पण इथं थांबलं तर गोष्ट अर्धीच राहील. नव्वदच्या दशकात ही कंपनी शेतीबाहेरच्या धंद्यांत शिरली, त्यात वित्त आणि माहिती तंत्रज्ञानही आलं. तोटा झाला आणि तिला पुन्हा शेतीकडे वळावं लागलं. भवरलाल जैन 2016 च्या फेब्रुवारीत गेले. त्यानंतर तीनच वर्षांनी, 2019 मध्ये, कंपनी कर्जफेडीत अडकली आणि 2022 मध्ये कर्जाची पुनर्रचना करावी लागली. ठिबकाची विक्री मोठ्या प्रमाणात सरकारी अनुदानावर चालते. माल आज जातो, पण अनुदानाचा पैसा यायला महिनोन्‌महिने लागतात. ध्येयवाक्यानं गिऱ्हाईक मिळवून दिलं, पण वसुली आणि कर्ज यांचा ताळमेळ त्यातून आला नाही. तो वेगळ्या कौशल्याचा भाग आहे, आणि ध्येयवाक्याकडून त्याची अपेक्षा करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं.

एक पाळलेलं वाक्य, दोन मोडलेली

परदेशातलं सर्वांत जास्त सांगितलं जाणारं उदाहरण जॉन्सन अँड जॉन्सनचं. 1943 साली रॉबर्ट वूड जॉन्सन यांनी कंपनीचं 'क्रेडो' लिहिलं. त्यातला क्रम महत्त्वाचा आहे. पहिली जबाबदारी डॉक्टर, परिचारिका, रुग्ण आणि आया-बापांची. मग कर्मचारी, मग समाज. भागधारक शेवटी. सत्तरच्या दशकात कंपनीचे प्रमुख जेम्स बर्क यांनी वरिष्ठ अधिकाऱ्यांना बसवून सांगितलं होतं, की हे पाळायचं नसेल तर भिंतीवरून काढून टाकूया. त्या चर्चेचा उपयोग काही वर्षांनी झाला.

1982 च्या शरदात शिकागो परिसरात टायलेनॉल ही वेदनाशामक कॅप्सूल घेतलेल्या सात जणांचा मृत्यू झाला. कुणीतरी दुकानातल्या बाटल्यांमध्ये सायनाइड मिसळलं होतं. दोष कंपनीचा नव्हता, आणि घटना एकाच शहराच्या आसपासच्या होत्या. तरीही कंपनीनं देशभरातून सुमारे 3 कोटी 10 लाख बाटल्या परत मागवल्या. खर्च दहा कोटी डॉलरच्या वर गेला. बाजारातला टायलेनॉलचा हिस्सा पस्तीस टक्क्यांच्या आसपास होता, तो काही आठवड्यांत आठ टक्क्यांवर आला. छेडछाड झाली तर लगेच दिसेल अशा सीलबंद वेष्टनात औषध परत आलं आणि वर्षभरात गमावलेला बराचसा बाजार परत मिळाला. क्रेडोच्या क्रमात भागधारक पहिल्या ओळीत असते, तर हा निर्णय इतक्या झटपट झाला असता का, हे सांगणं कठीण आहे. त्याच कंपनीवर पुढे टाल्कम पावडरबद्दल हजारो दावे झाले आणि 2020 मध्ये अमेरिका व कॅनडात ती पावडर विकणं तिनं थांबवलं. एकदा पाळलेलं वाक्य कायमचं पाळलं जातं, असं नाही.

उलट बाजूची उदाहरणंही तितकीच बोलकी आहेत. एन्रॉन हे नाव महाराष्ट्राला दाभोळच्या वीज प्रकल्पामुळे चांगलं ठाऊक आहे. आदर, सचोटी, संवाद आणि उत्कृष्टता ही त्या कंपनीची जाहीर मूल्यं होती. डिसेंबर 2001 मध्ये हिशेबातल्या लबाडीपायी ती दिवाळखोरीत गेली.

विक्रीच्या दृष्टीनं जास्त शिकवणारी गोष्ट वेल्स फार्गो बँकेची आहे. ग्राहकाच्या आर्थिक गरजा पुऱ्या करायच्या आणि त्याला पुढे न्यायचं, असं तिच्या ध्येयपुस्तिकेत छापलेलं होतं. शाखांमध्ये मात्र दुसरंच वाक्य चालायचं: एका ग्राहकाला बँकेच्या आठ सेवा विकायच्या. रोजचा हिशेब त्या आठाचा. बढती त्यावर आणि नोकरीसुद्धा त्यावरच. कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न सांगता लाखो खाती उघडली. 2016 मध्ये बँकेला साडेअठरा कोटी डॉलरचा दंड झाला, सुमारे 5,300 कर्मचाऱ्यांना काढल्याचं उघड झालं आणि 2020 मध्ये तीन अब्ज डॉलर भरून प्रकरण मिटवावं लागलं. भिंतीवर एक वाक्य आणि पगारपत्रकात दुसरं असेल, तर माणसं पगारपत्रकातलं पाळतात. हे अमेरिकेत जसं खरं आहे, तसं अकोल्याच्या कृषी केंद्रातही खरं आहे. 'शेतकऱ्याचं हित' अशी पाटी लावून काउंटरवरच्या पोराला कीडनाशकाच्या बाटलीमागे कमिशन दिलं, तर संत्र्यावर कोळशी रोग नसला तरी फवारणीचं औषध विकलं जाणारच.

अभ्यासकांनीही हा विषय बराच उलटापालटा करून पाहिला आहे. ध्येयवाक्य आणि आर्थिक कामगिरी यांच्या संबंधावर वीस वर्षांत झालेल्या संशोधनाचा एकत्रित आढावा 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा की संबंध आहे, अनुकूल आहे, पण लहान आहे. नुसतं वाक्य असणं फार काही देत नाही. ते कसं लिहिलं, कोणी लिहिलं आणि रोजच्या कामात किती उतरवलं, यावर पुष्कळ अवलंबून राहतं.

आधी झाडू, मग कीर्तन

वऱ्हाडाला ही गोष्ट व्यवस्थापनाच्या पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात 1876 साली जन्मलेले गाडगेबाबा गावात आले की आधी हातात झाडू घ्यायचे. रस्ते झाडून झाले की संध्याकाळी कीर्तन. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्यानागड्याला वस्त्र, गरीब मुलांना शिक्षण अशा दहा कलमांचा त्यांचा संदेश आजही राज्यभर भिंतींवर दिसतो. पण लोकांनी धर्मशाळांसाठी, गोरक्षणासाठी आणि शाळांसाठी पैसे दिले ते भिंतीवरचं वाचून नव्हे. त्यांनी माणूस झाडताना बघितला होता. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदीच्या धर्मशाळा त्या पैशातून उभ्या राहिल्या. त्यात आपल्या घरच्यांना हक्क मिळणार नाही, याची खबरदारी बाबांनी घेतली. 1952 मध्ये या कामासाठी स्थापन झालेल्या संस्थेचं नावच 'गाडगे महाराज मिशन' आहे.

देणगी आणि विक्री एक नाहीत. पण अनोळखी माणसानं खिशात हात घालण्याआधी मनाशी जो हिशेब केलेला असतो, तो दोन्हीकडे सारखाच असतो.

मोर्शीच्या पेटीवर काय लिहावं

आता पुन्हा संत्र्याकडे. ज्या बाजारपेठांवर हा पट्टा वर्षानुवर्षं विसंबून होता, त्यातली बांगलादेशची बाजारपेठ 2019 नंतर आयातशुल्क वाढत गेल्यानं आक्रसली. किलोमागे वीस रुपयांच्या आसपास असलेलं शुल्क 2023 पर्यंत अठ्ठ्याऐंशी रुपयांवर गेलं. माल देशातच फिरला आणि भाव पडले. प्रक्रियेचे कारखाने येण्याच्या घोषणा या भागानं पुष्कळ ऐकल्या. 2016 मध्ये कोका-कोला आणि जैन यांनी राज्य सरकारच्या साथीनं मोर्शी भागासाठी संत्रा प्रकल्प जाहीर केला होता. घोषणा आणि कारखाना यांतलं अंतर मोर्शीकरांना नव्यानं सांगायला नको. त्यामुळे घरच्या गिऱ्हाइकापर्यंत आपल्या नावानं पोचणं, हा रस्ता काही उत्पादक कंपन्या धरू पाहत आहेत. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये थेट पेट्या पाठवणं हा त्यातला एक प्रकार.

तिथं खरी परीक्षा पेटीच्या तळाशी होते. वरच्या थराला मोठी, पिवळीधमक फळं आणि खाली बारका, मऊ पडलेला माल, हा बाजारातला जुना अनुभव आहे. शहरातली बाई पेटी उघडते तेव्हा तिच्या मनात तोच अनुभव असतो. म्हणून मोर्शीच्या एखाद्या कंपनीनं 'अग्रगण्य संस्था बनणे' हे पुसून असं काही लिहिलं तर कसं होईल: 'आमच्या बगिच्यातलं संत्रं तोडल्यापासून चार दिवसांत तुमच्या घरी; वरच्या थरात जे फळ, तेच तळाशी.'

वाक्य सोपं आहे. पण ते लिहिल्या दिवसापासून कामं बदलतात. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, ती लवकर फाटते. ओढून तोडलं की देठापाशी जखम होते आणि तिथून कूज सुरू होते. म्हणजे देठ ठेवून कात्रीनं तोडणी करावी लागेल आणि मजुरी जास्त पडेल. पाऊस पडून गेल्यावर लगेच तोडा करता येणार नाही. आकारानुसार छटाई करणाऱ्या बायांना किती पेट्या भरल्या यावर नव्हे, तर किती पेट्यांची तक्रार आली नाही यावर बक्षीस द्यावं लागेल. बारका माल ज्यूसवाल्याला वेगळा द्यावा लागेल आणि त्याचा कमी भाव सभासदाला समजावून सांगावा लागेल. पेटीवर तोडणीची तारीख छापावी लागेल. ट्रक वाटेत अडकला आणि पाचवा दिवस उजाडला, तर पैसे परत करावे लागतील. या प्रत्येक ओळीत खर्च आहे. आणि गिऱ्हाइकाला दाखवण्यासारखं जे काही आहे, ते नेमकं याच खर्चात आहे.

नाशिकच्या द्राक्षवाल्यांनी हे आधी भोगलं. 2010 मध्ये युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचे अंश सापडले, माल अडकला आणि निर्यातदार व शेतकरी पार खचले. मोहाडीचे विलास शिंदे आणि त्यांच्या साथीदारांनी त्याच सुमारास सह्याद्री फार्म्सची उभारणी केली. पेटीवरच्या क्रमांकावरून थेट शेतकऱ्याच्या बागेपर्यंत पोचता येणं आणि फवारणीची नोंद ठेवणं, हे त्यांनी कामाचा पाया मानलं. निर्यातीच्या ग्रेपनेट पद्धतीनं ही साखळी बंधनकारकच केली होती. सह्याद्रीनं त्यात शेतकऱ्यांची मालकी जोडली. पुढे ती द्राक्ष निर्यातीतली देशातली आघाडीची कंपनी झाली आणि 2022 मध्ये तिनं युरोपातल्या गुंतवणूकदारांकडून 310 कोटी रुपये उभे केले. गुंतवणूकदार ध्येयवाक्य वाचतात हे खरं, पण पैसे देण्याआधी ते नोंदवही उघडायला लावतात.

वाक्य लिहायला सल्लागार बोलवायची गरज नसते. तोडणी करणारा, छटाई करणारी, गाडी भरणारा, फोन घेणारा, हिशेब ठेवणारा आणि दोन-चार नेहमीची गिऱ्हाइकं एका दुपारी एकत्र बसले तरी पुरे. प्रत्येकानं एकच सांगायचं: आपण कोणत्या प्रकारचा माल किंवा कोणत्या प्रकारचं काम कधीच देणार नाही. त्या उत्तरांत जे समान निघेल, तेच वाक्य. त्यात 'जागतिक दर्जा' किंवा 'अग्रगण्य' असे शब्द आले, तर ते काढून पाहावं. वाक्य तसंच उभं राहिलं तर ते शब्द नकोच होते.

उत्पादक कंपन्यांच्या वार्षिक सभा बहुतेक सप्टेंबरपर्यंत होतात. म्हणजे आंबिया बहराचा माल निघायच्या जरा आधी. त्या सभेत ताळेबंदाबरोबर आणखी तीन आकडे ठेवता येतील: मागच्या हंगामात पेटी घेतलेल्यांपैकी या हंगामात किती जणांनी पुन्हा मागणी नोंदवली, किती पेट्यांचे पैसे परत केले आणि वाक्यात बसत नाही म्हणून किती माल स्वतःहून थांबवला. पहिला आकडा सभासदांना आवडेल, दुसऱ्यावर खडाजंगी होईल. तिसरा शून्य असेल, तर सचिवानं पुढच्या वर्षीच्या पेट्या छापायला टाकण्याआधी थोडं थांबलेलं बरं.